पुढच्या अंकात पुन्हा लढाई

अजून नीट उजाडलेलं नाही. तुम्ही अथेन्समध्ये आहात, अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर. लाकडी बाकांच्या रांगा खाली मोकळ्या अंगणापर्यंत उतरत गेल्यात आणि मधल्या एका रांगेत, दोन माणसांच्या कोपरांमध्ये तुम्ही अडकून बसलात. ख्रिस्तपूर्व 416च्या आसपासचा वसंत. डायोनायससचा उत्सव चालू आहे, आज दिवसभर नाटकं. शेजाऱ्यानं बसायला उशी आणली आहे, तुम्ही आणलेली नाही, दुपारपर्यंत कळेलच. त्याच्या मांडीवर सुक्या अंजिरांची पुरचुंडी आहे. दंडावर जुना वण आहे, बोटभर लांब, वेडावाकडा भरलेला. जरा मान वळवून बघा. असे वण बऱ्याच जणांच्या अंगावर आहेत.

स्पार्टाशी युद्ध जुंपून पंधरा वर्षं होत आली. मध्ये एक तह झाला, तो नावापुरता. सुरुवातीच्या वर्षांत स्पार्टाचं सैन्य यायचं, शेतं जाळायचं, बागा तोडायचं आणि निघून जायचं. गावोगावचे शेतकरी तेव्हा बायकापोरांसह तटबंदीच्या आत येऊन राहिले. त्या गर्दीत साथ शिरली, माणसं पटापट गेली, नगराचा नेता पेरिक्लीसही त्यातच गेला. आणि आता, वर्षभराच्या आगेमागे, अथेन्सनं मेलॉस बेटाला वेढा घातला, बेट पडल्यावर हाती लागलेले पुरुष कापले आणि बायकामुलं गुलाम म्हणून विकली. या उतारावर बसलेल्यांपैकी कोण कोण तिथं होतं, ते विचारू नका. उत्सवाचा दिवस आहे.

नाटकाआधीचे सोहळे मात्र चुकवू नका. मांडलिक नगरांकडून आलेली खंडणीची चांदी अंगणात आणून सगळ्यांना दाखवतात. मग विशीच्या आतली पोरं रांगेनं येतात. यांचे बाप लढाईत पडले. नगरानं यांना पोसलं, वाढवलं, आणि आज पूर्ण चिलखत, ढाल, भाला देऊन मोकळं केलं. कशासाठी मोकळं केलं, ते सगळ्यांना माहीत आहे. कौतुकाचा कल्ला होतो. शेजारी मात्र अंजीर चघळत राहतो.

मग नाटक लागतं. 'हेराक्लीस', लेखक युरिपिडीस.

हेराक्लीस तुमच्या ओळखीचा आहे. सिंहाचं कातडं पांघरणारा, हातात सोटा घेऊन हिंडणारा, बारा कामगिऱ्या पार पाडणारा. नंतर रोमन लोक त्याला हर्क्युलिस म्हणतील आणि तेच नाव जगभर चालेल. पुराणात त्याची गोष्ट सहसा अशी सांगतात: हेरा देवीनं त्याला वेड लावलं, त्या भरात त्यानं स्वतःची मुलं मारली, आणि त्या पापाच्या प्रायश्चित्तासाठी बारा कामगिऱ्या केल्या. म्हणजे आधी गुन्हा, मग कष्ट, मग सुटका. हिशेब जुळतो. युरिपिडीस हा क्रमच उलटा करतो. त्याच्या नाटकात कामगिऱ्या आधीच आटोपल्या आहेत. शेवटची, पाताळातून तीन डोक्यांचा कुत्रा वर आणायची, तीही झाली. माणूस सगळं काम संपवून घरी येतो आहे.

आणि घरी वेळेवर पोचतोही. थीब्जमध्ये लायकस नावाच्या दांडगटानं गादी बळकावली आहे. तो हेराक्लीसचा म्हातारा बाप, बायको मेगारा आणि तीन मुलगे यांना मारायला निघाला आहे. पोरांना मरणाचे कपडेसुद्धा चढवून झालेत. तेवढ्यात बाप दारात. पोरं त्याच्या कपड्यांना लोंबकळतात, सोडायला तयार नाहीत, आणि नावेमागं होड्या ओढाव्यात तसा तो तिघांना घेऊन आत जातो. लायकसचा निकाल लागतो. गायकवृंद आनंदानं नाचतो. गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती.

आता छपराकडे बघा. दोघीजणी प्रकटल्यात. एक देवांची दूती आयरिस, दुसरी लिस्सा, म्हणजे खुद्द वेड. गंमत अशी की लिस्सालाच हे काम नको आहे. या माणसाचा काही गुन्हा नाही, असं ती वरिष्ठांना बजावून सांगते. दूती ऐकत नाही. वरून हुकूम आहे. हुकमाची तामील करणारा असा कुरकुरत कामाला लागला की या बाकांवरच्या माणसांना नाटक कुठल्या परक्या गावाचं वाटत नसणार.

पुढच्या शतकात अ‍ॅरिस्टॉटल लिहून ठेवणार आहे की नट वाईट असले की प्रेक्षक जास्त खातात. तुमच्या शेजाऱ्याचा हात पुरचुंडीत तसाच थांबला आहे. आत काय घडलं ते एक सेवक बाहेर येऊन सांगतो, कारण अथेन्सच्या रंगभूमीवर खून डोळ्यांसमोर होत नाही. हेराक्लीसला वाटतं आपण शत्रूच्या मुलांना मारतोय. एका मुलाला बाणानं, दुसऱ्याला सोट्यानं, तिसऱ्याला आईसकट एकाच बाणानं. म्हाताऱ्या बापाचा नंबर यायच्या आत अथेना त्याच्या छातीवर दगड हाणते आणि तो झोपी जातो.

मग दारातून चाकांचा फळा पुढे ढकलला जातो. त्यावर प्रेतं, आणि मधोमध तुटलेल्या खांबाला बांधलेला तो.

तो जागा होतो तो प्रसंग नीट बघा. आजूबाजूला आपलेच बाण विखुरलेले दिसतात आणि त्याला वाटतं, आपण परत पाताळात आलो की काय? मग तो खुणा शोधतो: सिसिफस पाताळात कायम ढकलतो तो धोंडा कुठं दिसत नाही, म्हणजे पाताळ नव्हे. मग हे कुठलं ठिकाण? स्वतःच्या घराचं अंगण त्याला ओळखू येत नाही. बाप दुरूनच एकेक प्रश्न विचारत जवळ सरकतो, आणि सगळं एकदम न सांगता उलगडत नेतो. कळल्यावर हेराक्लीस डोक्यावरून वस्त्र ओढून घेतो. 1994 साली बॉस्टनमधले मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे 'अकिलीस इन व्हिएतनाम' लिहितील. परतलेल्या सैनिकांवर वर्षानुवर्षं उपचार करताना त्यांना होमरचे वीर आठवत राहिले. त्यांनी निवडला अकिलीस. खांबाला बांधलेला हा माणूस बघितल्यावर वाटतं, याच्यावरही तसं एक पुस्तक निघालं असतं.

हेराक्लीसला आता मरायचं आहे. थिसिअस येतो, अथेन्सचा राजा, ज्याला यानंच पाताळातून सोडवलं. तो विटाळाची पर्वा न करता वस्त्र बाजूला करायला लावतो आणि म्हणतो, चल माझ्याबरोबर. आपल्याकडे कुरुक्षेत्र जिंकल्यावर युधिष्ठिराला राज्य नको होतं, तो वनात जायला निघाला. त्याला समजावण्यात शांतिपर्वाचे अध्यायच्या अध्याय खर्ची पडले. थिसिअसच्या हाती एकच प्रवेश आहे. तेवढ्यात तो भागवतो.

जाता जाता हेराक्लीस धनुष्यापाशी अडखळतो. हे घ्यावं की इथंच टाकावं? चालताना ते बरगडीवर आपटेल आणि दर पावलाला मुलांची आठवण देईल. पण टाकलं तर वाटेत पहिला शत्रू भेटेल तो जीव घेईल. तो ते उचलतो. मग मित्राच्या खांद्यावर हात टाकून, आता तोच ओढल्या जाणाऱ्या होडीसारखा, अथेन्सकडे चालू लागतो. शस्त्र टाकवत नाही आणि धरवतही नाही. पुढची अडीच हजार वर्षं त्याला जो तो बोलावून घेईल, तो याच धनुष्यासकट.

उठा. पाय अवघडले असतील.

1965चा वसंत. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड, ईस्ट विलिस्टन नावाचं उपनगर. तळघराच्या पायऱ्या उतरा. घरची मंडळी या खोलीला 'डंजन' म्हणतात. चुरुटाचा वास नाकात शिरतो. चित्रफळ्याशी एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस बसला आहे. वय सत्तेचाळीस. हा जॅक किर्बी. पुढ्यातला कागद दीड फुटाहून उंच आहे, कारण अजून कॉमिकची मूळ चित्रं छापील पानाच्या दुपटीनं मोठी काढतात. तो कच्चा आराखडा फारसा करत नाही. पेन्सिल टेकते आणि आकृती तिथूनच उगवत जाते, आधीपासून कागदात होती आणि तो फक्त धूळ झटकतोय अशी.

फळ्यावर एक अरुंद पूल आहे. एका बाजूला थॉर, उत्तरेकडचा वीजदेव, मार्व्हल या कॉमिक कंपनीचा खपाऊ नायक. दुसऱ्या बाजूला दाढीवाला, उघड्या दंडांचा, खो खो हसणारा नवा गडी. पुलावर एकालाच जाता येतं आणि दोघांपैकी कुणी मागं सरायला तयार नाही. बस, एवढ्यावरून मारामारी. 'जर्नी इन्टू मिस्टरी'चा हा पहिला वार्षिक अंक. कथा स्टॅन ली आणि किर्बीची. मार्व्हलची पद्धत अशी की किर्बी आधी सगळी पानं काढणार आणि ली नंतर फुग्यांत संवाद भरणार. त्यामुळे आत्ता या पानावर हर्क्युलिस मुका आहे. नंतर त्याच्या तोंडी जुन्या पौराणिक नाटकासारखी पल्लेदार भाषा येईल. पण स्वभाव तुम्हाला आत्ताच कळतो आहे, तो रेषेतच आहे. मागं झुकलेलं डोकं, कमरेवर हात, दातांची पांढरी फळी. हा माणूस ठोसा खाल्ल्यावरसुद्धा खूश होतो. याला लढाई म्हणजे जत्रा.

मुलं मारली, खांबाला बांधला गेला, त्याचा इथं मागमूस नाही. आणि तुम्ही अथेन्सहून नुकतेच येताय, तेव्हा तुम्हाला हे जरा पोरकट वाटणार. थांबा. आधी काढणाऱ्याकडे बघा.

या माणसाचं खरं नाव जेकब कुर्ट्झबर्ग. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडच्या गल्ल्यांत, टोळक्यांच्या मारामाऱ्यांत वाढलेला. जो सायमनबरोबर त्यानं कॅप्टन अमेरिका निर्माण केला, आणि मार्च 1941 ही तारीख छापलेल्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर त्याच्याकडून हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावला. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. उतरली, आणि किर्बीही गेला. ऑगस्ट 1944मध्ये तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पोचला, पाचव्या पायदळ डिव्हिजनमधला साधा शिपाई. तो पुढं सांगायचा की हा कॅप्टन अमेरिका काढणारा, हे कळल्यावर अधिकाऱ्यानं त्याला बाकीच्यांच्या पुढं टेहळणीला धाडलं, शत्रूचे नकाशे काढून आणायला. चित्रकला येते ना? मग जा. मेत्झच्या बाजूला हिवाळ्याच्या तोंडावर चिखलात, पाण्यात राहून त्याचे पाय इतके सडले की कापावे लागतील असं डॉक्टरांना वाटत होतं. पाय वाचले. 1945मध्ये तो घरी आला. युद्धाची स्वप्नं मात्र म्हातारपणापर्यंत येत राहिली.

हे असं सगळं पाहून आलेला माणूस आत्ता या बिनखिडकीच्या खोलीत हसणारा हर्क्युलिस काढतो आहे. बाहेरच्या जगात मार्च महिन्यात अमेरिकी मरीन व्हिएतनाममध्ये डा नांगच्या किनाऱ्यावर उतरलेत. थकलेल्या माणसानं थकलेलाच नायक काढावा, असा काही नियम नाही. उलट मला वाटतं, इतकं निर्मळ हसू काढायला मेत्झच्या चिखलातून आलेलाच हात लागतो. ज्यानं मारामारी लांबून पाहिली तो ती भव्य करतो. ज्यानं जवळून पाहिली त्याला एक तरी लढाई अशी हवी असते, जिच्या शेवटी दोघेही उठून उभे राहतील आणि कपडे झटकतील. पुलावरच्या लढाईत झ्यूस मध्ये पडतो, दोघे हात मिळवतात. कुणी मरत नाही. (पुढं 1974-75मध्ये दुसऱ्या कंपनीत, डीसीत, किर्बी 'द लूझर्स' नावाच्या युद्धकथा काढतो. त्या स्वतःच्या आठवणींवर बेतलेल्या आहेत. तिथं मात्र माणसं मरतात.)

जायच्या आधी पुढच्या वर्षीची पानंही चाळून घ्या. 1966, 'थॉर'चे अंक. हर्क्युलिस मजा करायला पृथ्वीवर येतो आणि थेट हॉलिवूडला जातो. यात नवल काही नाही. स्टीव्ह रीव्ह्ज या पीळदार नटाचा इटालियन 'हर्क्युलिस' 1958मध्ये आला, अमेरिकेत धो धो चालला, आणि मग असल्या चित्रपटांची रांगच लागली. कॉमिकातल्या हर्क्युलिसला एक निर्माता भेटतो, करार पुढं करतो, हा न वाचता सही ठोकतो. निर्माता निघतो पाताळाचा राजा प्लूटो. करार सिनेमाचा नव्हे. प्लूटोच्या जागी पाताळाचं राज्य कायमचं सांभाळायचा आहे. शेवटी त्याच्या वतीनं लढून थॉर त्याला सोडवतो. कॉमिकच्या धंद्यातल्या चित्रकारानं न वाचलेल्या कराराची गोष्ट काढावी, हा विनोद किती जाणूनबुजून केलेला, कोण जाणे. मार्व्हलसाठी घडवलेल्या पात्रांवर किर्बीचा मालकीहक्क कधी लागला नाही.

पण पाताळ आलं का पुन्हा? आलं. आणि सोडवणारा मित्रही आला. युरिपिडीस हसत हसत मागच्या दारानं शिरतोच.

आता वेगानं जाऊ. 1986, 'अ‍ॅव्हेंजर्स'चा 274वा अंक. रॉजर स्टर्न, जॉन बुसेमा, टॉम पामर. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचा नायकांचा वाडा खलनायकांच्या टोळीनं बळकावला आहे. आपल्या तुकडीची प्रमुख एक बाई, वास्प, हे हर्क्युलिसला पचलेलं नाही. तिचा 'आत जाऊ नकोस' हा हुकूम न मानता तो प्यायलेल्या अवस्थेत एकटाच घुसतो. आणि मार खातो. जत्रेतला नव्हे, खरा. पाचसहा जण मिळून निपचित पडेपर्यंत त्याला तुडवतात आणि तो बेशुद्धावस्थेत हॉस्पिटलात जातो. एकवीस वर्षांनी या हसणाऱ्या माणसाचं तोंड सुजलेलं दिसतं. तुम्ही त्या वाड्याच्या दारात उभे असाल तर डोळे मिटून घ्या, पण मनात नोंद करा: कॉमिकनं हळूहळू त्याच्या अंगात वेदना घालायला सुरुवात केली आहे.

त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीत काय चाललंय? पुराणातल्या नायकावर कुणाचा हक्क नसतो, म्हणून हेराक्लीस डीसीकडेही आहे. 1987च्या फेब्रुवारीची तारीख असलेला 'वंडर वुमन'चा पहिला अंक उघडा. चित्रं जॉर्ज पेरेझची, आणि गर्दी अशी की एकेका चौकटीत दहादहा मिनिटं जातील. इथल्या अ‍ॅमेझॉन स्त्रिया म्हणजे पुरुषांच्या हातून मेलेल्या बायकांचे आत्मे, देवींनी पुन्हा घडवलेले. आणि त्यांच्या दारात हेराक्लीस येतो तो खलनायक म्हणून. राणी हिप्पोलिटाशी गोड बोलतो, मग दगा करतो, त्याचं सैन्य त्या सगळ्यांना साखळदंडात टाकतं. वंडर वुमनच्या मनगटावरची ती प्रसिद्ध कडी? त्या बेड्यांची आठवण राहावी म्हणून.

अथेन्सच्या बाकांवर तुम्ही त्याच्यासाठी हळहळला होतात. आता हळहळताना जरा अवघड जाईल. जायलाच हवं. थकलेल्या वीराची गोष्ट सांगताना एक लबाडी नकळत होते: मारणाऱ्याच्या थकव्याला पानंच्या पानं मिळतात आणि मेलेल्यांना एक वाक्य. युरिपिडीसच्या नाटकात मेगारा अर्ध्यावर मरते आणि उरलेलं नाटक तिच्या नवऱ्याच्या दुःखाचं होतं. मेलॉसच्या बायका कुठल्या बाजारात विकल्या गेल्या, ते त्या उतारावरच्या लोकांना माहीत होतं. तुम्हाला मी सांगितलं तेही एका ओळीत.

पेरेझ याचं काय करतो बघा. वर्षभरानं त्याची नायिका डायना देवांनी घातलेल्या परीक्षेत स्वतःच्याच बेटाच्या पोटात उतरते. तुम्हीही तिच्यामागं उतरा. खाली, राक्षसांच्या अंधारात, दगडाचा एक प्रचंड पुरुष उभा आहे आणि अख्ख्या बेटाचा भार त्याच्या खांद्यावर आहे. हाच तो. एके काळी त्यानं अ‍ॅटलासच्या वतीनं आभाळ पेललं होतं, ते थोडा वेळ, इथं शतकानुशतकं. वर त्याच बायका राहतात, चालतात, मुलगी वाढवतात, ज्यांना त्यानं बेड्या घातल्या. जवळ जाऊन बघा: हा दगड झोपलेला नाही. पुढं तो सुटतो, दगडाचा पुन्हा माणूस होतो, हिप्पोलिटापुढं उभा राहून क्षमा मागतो, आणि ती क्षमा करते. माझ्या मते ती क्षमा फार लवकर येते; इतक्या वर्षांच्या भाराला दोनचार पानांत उतरवून ठेवल्यासारखं होतं. पण ती दगडाची कल्पना मात्र पक्की आहे. ज्यांचं वाईट केलं त्यांच्याच पायाखाली उभं राहून त्यांचं घर तोलून धरायचं, आणि त्यांना ते माहीतही नसायचं. प्रायश्चित्ताचा जो हिशेब युरिपिडीसनं मोडला होता, तो पेरेझनं वेगळ्या रीतीनं पुन्हा मांडला.

आता 2008. अमेरिकेतल्या कुठल्याही शहरातलं कॉमिकचं दुकान, वार बुधवार, कारण नवे अंक बुधवारी येतात. मांडणीवर 'द इन्क्रेडिबल हर्क्युलिस', अंक 113. पहिला अंकच 113वा कसा? कारण ही मालिका कालपर्यंत मार्व्हलच्याच दुसऱ्या एका नायकाची, 'हल्क'ची होती. हल्क युद्ध करून तुरुंगात गेला आणि त्याच्या रिकाम्या जागी हर्क्युलिसला बसवलं, आकडा तोच ठेवून. लेखक ग्रेग पाक आणि फ्रेड व्हॅन लेंटे. देश इराक आणि अफगाणिस्तानात अडकलेला आहे. याच वर्षी ब्रायन डोरीस हा नाट्यदिग्दर्शक अमेरिकी मरीनांपुढं सोफोक्लीसची 'एजॅक्स' आणि 'फिलॉक्टेटिस' वाचून दाखवायला लागतो, आणि वाचन संपल्यावर सैनिक आणि त्यांच्या बायका उठून बोलायला लागतात. ग्रीकांची ही जुनी माणसं हवेतच आहेत.

अंक उघडा. मार्व्हलच्या नायकांचं आपसातलं यादवी युद्ध नुकतंच झालं आहे, आणि त्याच्या शेवटच्या लढाईत हर्क्युलिसनं थॉरच्या यांत्रिक प्रतिकृतीचं डोकं तिच्याच हातोड्यानं फोडलं आहे. पुलावरचा तो थॉर आठवतो ना? त्याच मित्राचा चेहरा. खोटा असला तरी चेहरा तोच. आता सरकार हर्क्युलिसच्या मागावर आहे, आणि पाठलाग करणाऱ्यांत त्याचा सावत्र भाऊ आहे, युद्धदेव एरीस. एरीसच्या बाणांना हायड्राचं विष लावलेलं आहे. हायड्रा म्हणजे दुसऱ्या कामगिरीतला अनेक फण्यांचा साप; त्याचं विष बाणांना लावायची युक्ती मुळात हर्क्युलिसचीच. बाण लागतो आणि त्याला भ्रम होतो. समोरचा माणूस कोण आहे, साल कुठलं आहे, काही कळेनासं होतं. तुम्ही हे पाहिलं आहे. त्या लाकडी बाकावर बसून पाहिलं आहे. कॉमिकच्या हर्क्युलिसला तिथवर परत पोचायला त्रेचाळीस वर्षं लागली.

पण पाक आणि व्हॅन लेंटे हसू सोडत नाहीत, आणि यासाठी त्यांना माझे पूर्ण गुण. ठोशांचे आवाजसुद्धा विनोदी शब्दांत लिहिलेले असतात. पानापानावर हर्क्युलिस खातो, पितो, बायकांच्या मागं लागतो, थापा मारतो, आणि अधूनमधून प्राचीन ग्रीसमधला एखादा तुकडा येतो, जिथं तीच थाप खरी कशी घडली ते दिसतं. शौर्याची कथा आणि त्यातली लाज, पाठोपाठ.

त्याच्याबरोबर एक पोरगा आहे. अमेडियस चो, किशोरवयीन, जगातल्या सात सर्वांत हुशार माणसांपैकी एक. आईबाप घरातल्या स्फोटात गेलेले. अथेन्सच्या अंगणात चिलखत चढवून उभी राहिलेली ती पोरं आठवली तर चूक नाही; याचं चिलखत म्हणजे गणित. हल्कवर झालेल्या अन्यायाचा सूड म्हणून हा पोरगा सरकारी यंत्रणाच पाडायला निघाला आहे, आणि ते त्याला जमण्यासारखं आहे. त्याला आवरतं कोण? हर्क्युलिस. विषानं वेडावून बाहेर आलेला, हातून काय काय होऊ शकतं ते ठाऊक असलेला हर्क्युलिस. युरिपिडीसनं थिसिअसला दिलेलं काम इथं त्याच्या वाट्याला आलं आहे. या मालिकेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. दमलेल्या माणसाला विश्रांती मिळत नाही, पण त्याच्या दमण्याचा दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होतो.

पोरानं कोयोटीचं एक पिल्लूही पाळलं आहे. त्याचं नाव किर्बी. पिल्लू पुढं परग्रहावरचा हेर निघतं, पण तो मुद्दा वेगळा.

मग जे होतं ते कॉमिकात नेहमी होतं. 2010मध्ये हर्क्युलिस मरतो. मित्र जमतात, आठवणी सांगतात, पोरगा त्याला शोधत राहतो, आणि वर्ष सरायच्या आत 'केऑस वॉर' नावाच्या महायुद्धासाठी तो परत हजर. युरिपिडीसच्या हेराक्लीसला एक सोय होती: थिसिअसच्या खांद्यावर हात टाकून तो बाहेर गेला की नाटक संपत होतं. पुढं त्याला झोप लागली का, स्वप्नं पडली का, ते कुणी विचारणार नव्हतं. मासिकाला शेवट परवडत नाही. बुधवार दर आठवड्याला येतो.

शेवटचा थांबा, 2015चा हिवाळा. पुन्हा न्यूयॉर्क, एक साधा भाड्याचा फ्लॅट. डॅन अ‍ॅबनेट आणि ल्यूक रॉस यांची नवी 'हर्क्युलिस' मालिका. दार ढकला. सोफ्यावर एक धिप्पाड माणूस लोळतो आहे. तो गिलगमेश, मेसोपोटेमियाचा, हर्क्युलिसहूनही जुना, आणि त्याला आता काहीही करायची इच्छा उरलेली नाही. घरचा मालक मात्र सकाळीच उठला आहे. त्यानं दारू सोडली आहे. सोट्याबरोबर आजच्या काळातली शस्त्रंही बाळगायला लागला आहे. लोक त्याला अजून पिदाड आणि बढाईखोर समजतात, आणि ते मत बदलावं म्हणून तो साध्यासुध्या माणसांची जुन्या राक्षसांपासून सुटका करत गल्लोगल्ली फिरतो. आभाळ पेलायचं नाही, पाताळात जायचं नाही. रोजचं काम. इतक्या ठिकाणी तुम्ही त्याला पाहिलंत, त्यात हाच सर्वांत शहाणा दिसतो.

या मालिकेचे सहा अंक निघतात आणि ती थांबते. उरलेले महिने त्यानं काय केलं, ते कुठं छापलेलं नाही. 2016च्या उन्हाळ्यात दुकानात परत जा. मार्व्हलचं दुसरं यादवी युद्ध सुरू झालेलं आहे आणि मांडणीवर त्याचा नवा अंक लागला आहे. शीर्षक 'गॉड्स ऑफ वॉर', अंक पहिला.